भिंतीकडे तोंड करून शिकलेलं इंग्रजी

मी चौथी शिकलो. चौथीही पूर्ण नाही. परीक्षेच्या आधी बाप मला मासे धरायला डोंग्यावर घेऊन गेला, तो मी पुन्हा शाळेत बसलो नाही. इंग्रजी म्हणाल तर टिकीट, टाइम, डॉक्टर आणि फेल, एवढं येतं. तरीसुद्धा मागच्या हिवाळ्यात मी रोज दिवेलागणीच्या आधी तासभर इंग्रजीच्या व्याकरणात बसलो. कोणी म्हणेल बुढा येडा झाला. झालो असेन. बायको गेल्यावर माणूस थोडा होतोच. पण हे मी माझ्यासाठी केलं नाही. सुनेची मुलाखत होती.

आमचं गाव साकोलीपासून बसने अर्ध्या तासावर. गावाला मोठा तलाव आहे आणि आमच्या पिढ्यान् पिढ्या त्यातले मासे धरण्यात गेल्या. मुलगा मात्र पाण्यात उतरला नाही. तो तुमसरला राइस मिलमध्ये आहे, तिथंच खोली करून राहतो, रविवारी घरी येतो. घरी मी, सून आणि एक बकरी. बकरी मी उगाच सांगून नाही राहिलो, तिचं काम पुढे आहे.

आमच्या घरात सासरा आणि सून समोरासमोर बोलत नाहीत. हा कायदा कोणी केला मला माहीत नाही. माझी बायको माझ्या बापाशी जन्मात बोलली नाही, आणि बाप मेला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तीच रडली. अशा घरात मधे सासू लागते. मला चहा पाहिजे असला की मी बायकोला म्हणायचो, "चहा होईल का?" सून तिथंच चुलीपाशी बसलेली असायची, तिनं ऐकलेलं असायचं. तरी बायको वळून तिला सांगायची, "चहा मांड वं, त्याइले पाहिजे." सून तिला म्हणायची, "साखर कमी टाकू का विचारा." मग बायको मला, "साखर?" तिघं एका खोलीत, आणि निरोप असा फिरायचा जसा भंडाऱ्याहून येऊन राहिला. पण काम चालायचं. आमच्या घराचं तोंड ती होती.

त्या हिवाळ्याआधीच्या श्रावणात ती गेली. ताप होता. साधा आहे म्हणाले, साधा नव्हता. तिच्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही. लिहायला लागलो की हात थांबतो, आणि माझी अक्षरं आधीच वाकडी आहेत.

तेरवी झाली, मुलगा तुमसरला परत गेला, आणि घरात आम्ही दोघं उरलो. दोघांपैकी कोणाला कोणाशी बोलता येईना. पहिले काही दिवस ती माझ्यासमोर ताट ठेवून भांडं वाजवायची, मी समजायचो जेवण झालं. मला काही पाहिजे असलं तर मी खोकायचो. पण खोकून किती सांगणार? एक दिवस तलावावर दिवसभर जायचं होतं, डबा पाहिजे होता. मी अंगणात बकरीपुढे उभा राहिलो आणि तिला म्हणालो, "आज डब्यात भात भरून पाहिजे वं बाई. दिवस डुबेपर्यंत येत नाही." आतून आवाज आला. तोही बकरीलाच. "चटणी संपली म्हणावं. लोणचं चालेल का?" मी बकरीला म्हणालो, "चालते." असे आम्ही पाच महिने बोललो. त्या बकरीला आमच्या घरातलं जेवढं माहीत आहे तेवढं माझ्या मुलालाही नाही.

सून शिकलेली आहे. बी.ए. आहे, वरून लहान मुलांना शिकवायचा कोर्सही केलेला. माझ्या बायकोला तिचा फार गर्व. ती डोक्यावर टोपली घेऊन साकोलीला मासे विकायला जायची, तिथं एका इंग्रजी शाळेची पाटी रोज पाहायची. घरी येऊन सांगायची, "माह्या सुनेले तिथं लावल्याशिवाय मी मरत नाही." बोलली होती. मेली तरी. मग डिसेंबरात तिथली बालवाडीची मॅडम लग्न होऊन गेली आणि जागा निघाली. सुनेनं अर्ज केला. मला बकरीकडून कळलं.

आधी लेखी पेपर, मग त्याच दिवशी मुलाखत. मुलाखतीत इंग्रजीत बोलायचं: आपण कोण, घरी कोण कोण, कोण काय करते. सून स्वयंपाक करता करता सराव करायची. मी बाहेर जाळं शिवत बसायचो. शब्द कळत नव्हते, पण रोज ऐकून ऐकून चाल लक्षात आली होती. ती चांगली भरभर निघायची आणि एका ठिकाणी आली की थांबायची. रोज त्याच ठिकाणी. "माय फादर-इन-लॉ..." आणि बंद. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच बंद.

तिसऱ्या दिवशी मी बकरीला विचारलं, "तिथं काहून अडते रोज? शब्द येत नाही का?"

आत तिनं चुलीतलं लाकूड सारलं. मग म्हणाली, "शब्द येते म्हणावं. पण तिथं 'ही' म्हणा लागते."

"मंग म्हण ना."

"ही म्हणजे तो. मोठ्या माणसाले कसं म्हणू, तो जाळं विणते, तो मासे धरते? मी 'दे' लिहिलं होतं, म्हणजे ते. मोबाइलनं चूक दिली. त्याइच्या भाषेत चोर असो का सासरा असो, एक माणूस असला की तोच."

मला हसू आलं. मी म्हणालो, "मोबाइलले काय माहीत सासरा!" पण हसण्यासारखी गोष्ट नव्हती. कागदावर ती बरोबर लिहायची. तोंडानं मात्र येईना. जिनं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, ती 'तो' कशी म्हणणार? आणि तिला म्हणायचं होतं तीन परक्या माणसांपुढे, न अडखळता. जागा एक, अर्ज किती आले कोणाला ठाऊक. साकोलीच्या शिकलेल्या घरच्या पोरी येणार, ज्यांच्या घरी बाप-सासरे त्यांच्याकडे इंग्रजीत चहा मागतात.

रविवारी मुलगा आला. मी त्याला म्हणालो, तू तिचा सराव घे. तो म्हणाला, "बाबा, मले मराठीच नीट येत नाही." तरी बसला. सून त्याला त्या दिवशीचा धडा सांगत होती. इंग्रजीत म्हणे वाक्यात माणसाला एक शेपूट जोडतात, 'जो अमुक करतो तो'. काही शेपट्या कापल्या तरी माणूस तोच राहतो. काही कापल्या तर माणूसच हरवतो, कोणता ते कळत नाही. जी कापता येते तिच्या दोन्ही बाजूंना कॉमा द्यायचा. जी कापता येत नाही तिला नाही.

"आता पाहा," ती म्हणाली, "माझा नवरा, जो तुमसरला राहतो, तो मिलमध्ये आहे. इथं कॉमा पाहिजेच."

"नाही दिला तर?"

"मंग अर्थ होते, तुमसरले राहते तो नवरा. म्हणजे दुसरीकडं अजून आहेत."

"असं का?" मुलगा सरसावून बसला. "मंग साकोलीचा कोण आहे ते सांग आधी!"

मी बाहेर जाळ्यावर वाकून हसत होतो. आणि मला ते पटलं. आमच्या गावात एकाच नावाचे चार जण आहेत. 'ज्याचा डोंगा फुटला तो' म्हटल्याशिवाय निरोप बरोबर घरी पोचत नाही. ती शेपूट कापून पाहा, चारही येऊन दारात उभे राहतील.

मुलगा सोमवारी पहाटे गेला आणि अडचण तिथंच राहिली. दिवस भरभर जात होते.

त्याच आठवड्यात मच्छीमार सोसायटीची मासेमारी झाली. त्या दिवशी सगळे मिळून जाळं ओढतात आणि मग तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, माशांचे सारखे वाटे घालतात, जेवढी घरं तेवढे. वाटे कितीही सारखे घाला, डोळ्याला एक मोठा दिसतो आणि भांडण होतं. म्हणून आमच्याकडे एक माणूस वाट्यांकडे पाठ फिरवून बसतो. दुसरा एका वाट्यावर काडी ठेवतो आणि विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस एक घर सांगतो. त्याला वाटा दिसत नाही, माणसांची तोंडंही दिसत नाहीत, म्हणून कोणाला राग येत नाही. जे तोंडावर बोलता येत नाही ते पाठ फिरवून बोलता येतं. कितीतरी वर्षं पाठ फिरवून बसायचं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशीही बसलो होतो, समोर नुसतं पाणी. पाच-सहा वाटे झाले आणि माझ्या डोक्यात सुनेची गोष्ट आली. इतकी आली की मी एक घर दोनदा सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या.

घरी आलो. अंगणात भिंतीजवळ पाट टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. बकरीला म्हणालो, "सांग तिले. मी इथं नाही. वाटे पाडणाऱ्यासारखं बसलो. मले काही दिसत नाही. म्हणू दे काय म्हणायचं ते."

पहिल्या दिवशी काही झालं नाही. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्या पाठीकडे पाहत होती, मला पाठीला जाणवत होतं. शेवटी बकरीला म्हणाली, "पाठ असली तरी त्याइचीच आहे." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पाट आणला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. माझं तोंड भिंतीकडे, तिचं तोंड तुळशीकडे. आणि मग आलं. बारीक आवाजात आलं, पण आलं. "ही कॅचेस फिश." मी बकरीला म्हणालो, "मोठ्यानं." "ही कॅचेस फिश!" तिसऱ्या दिवशी तर असं म्हणाली की बकरी उठून उभी राहिली.

कुंपणापलीकडे एक बुढी राहते, माझ्या बायकोची जन्माची मैतरीण, तोंडानं फाटकी. तिनं आम्हाला असं दोन पाठी करून बसलेलं पाहिलं. "काय गा बुढ्या, सुनेनं वाळीत टाकलं का?"

"इंग्रजी शिकून राहिलो."

"कुठं, कुडावर लिहिलं आहे का?"

"तुले नाही दिसणार. चश्मा लाव."

"बायको गेली अन् अक्कलही घेऊन गेली वाट्टे," म्हणाली आणि थोड्या वेळानं कुंपणावरून वाटीभर वाटाणे देऊन गेली, आम्ही दोघं उपाशी मरू म्हणून.

मला बरोबर-चूक कळत नव्हतं. पण अडखळणं कळत होतं. जाळं हातातून सरकवलं की बोटाला कळतं कुठं तुटलं आहे, पाहायला लागत नाही. तसं मी ऐकायचो आणि अडखळली की भिंतीवर टकटक करायचो. ती पुन्हा म्हणायची. मी बकरीला मराठीत विचारायचो, "सासरा कोणता?" ती इंग्रजीत सांगायची. मी "मग त्याचा अर्थ सांग," म्हटलं की मराठीत सांगायची. अर्थ सांगताना ती मला सरळ 'तो' म्हणायची आणि आम्हा दोघांनाही काही झालं नाही. छत पडलं नाही.

एक दिवस मी बकरीला विचारलं, "माझी बायको, जी मेली. इथं ते कॉमे लागतील का?"

ती मग म्हणाली, "लागतील. एकच बायको होती ना."

"म्हणजे ती शेपूट कापता येते?"

"येते. कापली तरी आत्याबाई त्याच राहते."

मी भिंतीकडेच पाहत होतो. मला ते बरं वाटलं. का बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही, पण त्या रात्री मी पोटभर जेवलो.

मुलाखतीला चार दिवस राहिले तेव्हा ती घरच्या माणसांचं सगळं एकदम म्हणून दाखवत होती. नवरा झाला, मी झालो, मग सासूवर आली. "शी इज..." म्हणाली. आणि थांबली. मला वाटलं अडखळली, मी टकटक केली. "शी..." पुन्हा थांबली. मग मला कळलं, ती रडून राहिली होती. आवाज करत नव्हती. पाच महिने घरात मीच एकटा रडणारा आहे असं मला वाटत होतं. मूर्ख माणूस. ज्या बाईनं माझ्यासाठी तिला चहा सांगितला आणि तिच्यासाठी मला साखर विचारली, ती दोघांचीही गेली होती.

वाटे पाडताना मागं पाहायचं नसतं. मी पाहिलं नाही. पण बकरीलाही मधे घेतलं नाही. "पोरी," मी म्हणालो, "रड आधी. मंग पुन्हा म्हण. मी कुठं जात नाही."

जरा वेळानं ती म्हणाली, "हो मामाजी."

एवढंच झालं. पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. त्या दिवशी एकदाही टकटक करावी लागली नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी तिच्यासोबत बसने साकोलीला गेलो. शाळेसमोर रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसलो. किती पोरी आत गेल्या, किती बाहेर आल्या. ती आली ती सरळ माझ्याकडे, आणि तोंड असं की मी उठून उभा राहिलो.

"काय झालं?"

"पेपर बरा गेला. पण आत मी गडबड केली, मामाजी."

"अडली?"

"नाही. त्याइनं म्हटलं, घरच्या माणसाइबद्दल सांगा. अन् मी सवयीनं खुर्ची फिरवली."

"कशी फिरवली?"

"पाठ त्याइच्याकडं. तोंड भिंतीकडं." तिनं हातातली फाइल बाकड्यावर ठेवली. "तिघं बसले होते समोर, अन् मी त्याइले पाठ दाखवली."

मी पुन्हा बाकड्यावर बसलो. लाज वाटली. जिला लोकांच्या तोंडाकडे पाहून बोलायला शिकवायचं होतं, तिला मी भिंत दाखवली होती. तीन आठवडे मी तिची वाट लावत बसलो होतो. मी तसं म्हणालोही. "मीच घाण केली."

"आधी ऐका तर. मोठ्या मॅडमनं विचारलं, तुमी असं काहून बसल्या? मंग मले सांगा लागलं. वाट्याचं, जाळ्याचं, तुमचं, सगळं. पाठांतर तर कशाचंच नव्हतं. जसं आलं तसं इंग्रजीत बोलली. चुकली असन खूप. ते विचारतच गेले, वाटा मोठा दिसला तर काय करता, बाया पाठ फिरवून बसते का. मी किती वेळ बोलली मलेच माहीत नाही."

"तोंडाकडं पाहून?"

ती आठवू लागली. "हो," म्हणाली. "खुर्ची फिरवली होती ना परत."

तरी मला भरवसा नव्हता. पाठ दाखवणाऱ्या बाईला कोण घेईल? आठ दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. कुंपणापलीकडच्या बुढीनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो. रात्री पडल्या पडल्या बायकोला सांगायचो, तुझं काम मी बिघडवलं. ती काही म्हणत नव्हती, जिवंतपणीही अशा वेळी ती काही म्हणायची नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी डोंगा उलटा करून त्याच्या फटी बुजवत होतो. सून पारीवरून चालत आली. कधी तलावावर येत नाही ती. चारचौघं माणसं तिथं होती, पदर डोक्यावर होता, पण चाल भरभर होती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "मामाजी, फोन आला. सोमवारपासून बोलावलं."

माणसं पाहतच राहिली. सून सासऱ्याशी भर पारीवर बोलून राहिली होती. माझे हात डांबरानं भरलेले होते. "किती वाजता?" मी विचारलं.

"साडेआठची बस."

"मंग डबा सकाळी लवकर लागन."

"लागन."

आता ती रोज साडेआठच्या बसने जाते. सकाळचं ती करते, संध्याकाळचं मी. साठी उलटल्यावर मी चूल हातात घेतली. भात जमतो, वरण जमतं, मासे तर आम्ही जन्मापासून ओळखतो. तिच्या वर्गातली पोरं तिला काय काय म्हणतात ते ती जेवताना सांगते, सरळ माझ्याकडे पाहून, आणि मी ऐकतो. परवा मी मरळाचा रस्सा केला होता. चांगला झाला असं माझं मत. तिनं एक घास खाल्ला, ताट खाली ठेवलं आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "मामाजी, मीठ लय झालं."

आमच्या घरात आजवर कोणत्या सुनेनं कोणत्या सासऱ्याला असं म्हटलं नव्हतं. मी तिच्या ताटात पाणी ओतलं आणि म्हणालो, "आता खा."